सीआरपी फुफ्फुसातून येत नाही

एप्रिल २०२१. रात्री साडेअकराला मामेभावाचा मेसेज आला: "ताई, पप्पांचा सीआरपी ९६ वरून ११ वर आला! देव पावला." पाठोपाठ घरच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मामा तेव्हा कोविडमुळे कराडला एका खाजगी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. सीआरपी म्हणजे अंगात किती सूज आहे याचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी. माझी उभी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे घरात कुणाचाही रिपोर्ट आधी माझ्याकडे येतो आणि मग डॉक्टरांकडे जातो. मी दोन्ही रिपोर्टचे फोटो मागवले.

पहिला रिपोर्ट एका लॅबचा, दुसरा दुसऱ्याच. पहिल्यात आकड्यापुढे बारीक अक्षरात मिलिग्रॅम प्रति लिटर छापलेलं, दुसऱ्यात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा हिस्सा. म्हणजे दुसऱ्या रिपोर्टातले ११ हे पहिल्याच्या हिशेबाने ११० झाले. सीआरपी उतरला नव्हता, थोडा चढलाच होता.

आता हे त्याला रात्री बाराला सांगायचं कसं? मी विचारलं, "ऑक्सिजन किती लिटरवर आहे?" म्हणाला, "परवा दहावर होता, आज सहावर आणलाय." म्हणजे मामा खरंच सुधारत होते. फक्त ज्या आकड्यावर घर खूश झालं होतं तो उलट्या दिशेला चालला होता.

त्या साथीत लोक एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचे, गुण पत्रिकेतल्या गुणांसारखे सांगायचे, पंचवीसपैकी इतके. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-सिक्स या रक्तचाचण्यांची नावं भाजीवाल्याच्याही तोंडी होती. पण हे आकडे शरीराच्या कुठल्या कोपऱ्यातून निघतात आणि नेमकं काय सांगतात, हे फारसं कुणी समजावून दिलं नाही. डॉक्टरांना वेळ नव्हता, हे खरंच. ते आता इथे लिहिते आहे.

सूज म्हणजे नेमकं काय

डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "फुफ्फुसाला सूज आहे." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुरगळलेला घोटा येतो. वैद्यकातला शब्द दाह, आणि तो घोट्याच्या सुजेपेक्षा बराच मोठा आहे. उष्णता, लाली, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक सेल्सस याने लिहून ठेवली. त्वचेवर ती चारही दिसतात. फुफ्फुसाची पंचाईत अशी की आतल्या ऊतीला वेदना कळवणारी व्यवस्था जवळजवळ नाही. छातीत दुखतं ते बहुतेक वेळा बाहेरच्या आवरणामुळे. त्यामुळे फुफ्फुस आतून पेटलेलं असतं आणि माणूस सांगत असतो, "तसं काही दुखत नाहीये, फक्त दम लागतोय."

आत काय चाललंय ते समजायला आधी जागा बघू. दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, सूक्ष्म फुगे म्हणा. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. पुण्यात एवढ्या जागेत टू-बीएचके बसतो. प्रत्येक फुग्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं, आणि हवा व रक्त यांच्यात जो पडदा असतो तो एका मायक्रॉनहूनही पातळ. डोक्याचा केस याच्या कित्येक पट जाड.

या पडद्याला तीन वस्त्या आहेत आणि पुढचं सगळं त्या तिघींवर अवलंबून आहे, म्हणून थोडं थांबून बघू. हवेच्या बाजूला चपट्या पेशी, पहिल्या प्रकारच्या. वायुकोशाचा सुमारे पंच्याण्णव टक्के पृष्ठभाग याच व्यापतात. त्यांच्यामध्ये अधूनमधून गुबगुबीत पेशी बसलेल्या असतात, त्या दुसऱ्या प्रकारच्या. त्या सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतात, म्हणून श्वास सोडताना फुगे मिटून चिकटत नाहीत. आत आलेलं पाणी बाहेर काढण्यातही त्यांचा मोठा वाटा असतो: त्या सोडियम उपसतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. आणि रक्ताच्या बाजूला केशवाहिनीचं अस्तर, म्हणजे तिसरी वस्ती. याखेरीज वायुकोशात मॅक्रोफेज नावाच्या गस्त घालणाऱ्या पेशी असतात. धूळ, जंतू, काजळी, जे येईल ते गिळतात आणि बहुतेक दिवस कुणाला कळूही देत नाहीत.

एखाद्या दिवशी गस्तीला आवरत नाही. विषाणू जास्त असतो, किंवा उलटी श्वासनलिकेत जाते, किंवा रक्तातून जंतूंचं विष येऊन धडकतं. मग मॅक्रोफेज निरोप सोडतात. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिनं: टीएनएफ, आयएल-वन, आयएल-सिक्स, आयएल-एट. एकत्रितपणे त्यांना सायटोकाइन म्हणतात. आयएल-एटचं मुख्य काम न्यूट्रोफिलना बोलावणं. न्यूट्रोफिल म्हणजे सीबीसीच्या रिपोर्टमध्ये सर्वात मोठ्या टक्केवारीने दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. फुफ्फुसाच्या बऱ्याच केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात. म्हणजे धडधाकट माणसातही या पेशीला अंग चोरून, लांबट होऊन त्यातून सरकावं लागतं. गल्लीतून हातगाडी काढावी तसं. त्यामुळे फुफ्फुसात कायमच बऱ्याच न्यूट्रोफिल रेंगाळलेल्या असतात. निरोप मिळाला की त्या ताठर होतात, अंग चोरता येईना होतं आणि जागच्या जागी अडकतात. लांबून फौज मागवायची गरजच नसते, ती दारात उभी असते.

मग त्या आत शिरतात आणि आपली हत्यारं बाहेर काढतात: प्रथिनं चिरणारी एन्झाइम, ऑक्सिजनचे जहाल रेणू, आणि स्वतःच्याच डीएनएची जाळी. ही जाळी २००४ मध्ये पहिल्यांदा वर्णिली गेली. जंतू मरतात, पण पडदा इतका पातळ की त्यालाही भोकं पडतात. केशवाहिनीच्या अस्तराचे सांधे सुटतात आणि रक्तातलं प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात येतं. हृदय थकल्याने फुफ्फुसात साठणारं पाणी निराळं, ते दाबाने गाळून आल्यासारखं पातळ असतं. इथलं पाणी रक्तद्रवाच्या जवळ जाणारं. त्या प्रथिनांनी सर्फॅक्टंट बिघडतो, फुगे मिटायला लागतात. उपसा करणाऱ्या पेशी जखमी झाल्या की पाणी काढायलाही कुणी उरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अशा फुफ्फुसाचा काप पाहिला की वायुकोशांच्या आतून गुलाबी काचेसारखा लेप दिसतो. मृत पेशी आणि साकळलेली प्रथिनं यांचा तो थर.

सगळा दोष न्यूट्रोफिलवर टाकायला मात्र मी तयार नाही. केमोथेरपीने न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर आलेल्या रुग्णांनाही हा आजार होतो.

नाव कुठून आलं

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा रुग्णांची हकीकत छापली. कुणाला अपघातात जबर मार लागला होता, कुणाला विषाणूचा न्यूमोनिया, एकाला स्वादुपिंडाचा दाह. कारणं वेगवेगळी, पण काही तासांत किंवा दिवसांत सगळ्यांची फुफ्फुसं सारखीच ताठर आणि ओली झाली, आणि ऑक्सिजन देऊनही रक्तात चढेना. बारापैकी सात दगावले. यातूनच पुढे एआरडीएस, म्हणजे ॲक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, हे नाव रूढ झालं.

स्वादुपिंडाचा तो एक रुग्ण माझ्या डोक्यातून जात नाही. पोटातला अवयव पेटला आणि बुडाली फुफ्फुसं. कारण शरीरभर फिरून आलेलं जवळजवळ सगळं रक्त फुफ्फुसातून जातं, त्यामुळे कुठल्याही गल्लीतला दंगा शेवटी या चौकात येतो. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, फाल्सिपेरम मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस यांचे रुग्ण एआरडीएसमध्ये जातात ते बरेचदा असेच, रक्ताच्या वाटेने. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टो पसरला तेव्हा, किंवा २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा आयसीयूत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९९४ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांनी आकड्यांत व्याख्या बांधली. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि त्याला आपण देतोय त्या हवेतल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. साधी हवा घेणाऱ्या निरोगी माणसाचा दाब ९५ धरला, हवेत ऑक्सिजन ०.२१, तर उत्तर येतं साडेचारशेच्या आसपास. समजा रुग्णाला साठ टक्के ऑक्सिजन देऊनही दाब ६० वरच आहे. साठ भागिले ०.६, म्हणजे १००. तीनशे किंवा त्याखाली आलं की 'तीव्र फुफ्फुस इजा', दोनशे किंवा त्याखाली आलं की एआरडीएस. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने 'तीव्र फुफ्फुस इजा' हे वेगळं खातं बंद केलं आणि एआरडीएसचेच सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन भाग केले. जुना शब्द आता प्रयोगशाळेत उंदरांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी जास्त सापडतो.

या सगळ्या व्याख्येत रक्ताची एकही दाहचाचणी नाही. ऑक्सिजन, छातीची प्रतिमा, सुरुवात कधी झाली आणि कारण काय, एवढंच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पन्नास देशांतल्या ४५९ आयसीयूंच्या पाहणीत असं दिसलं की एआरडीएसच्या दहापैकी सहाच रुग्णांत डॉक्टरांनी तो ओळखला होता. तीव्र गटातले ४६ टक्के हॉस्पिटलातच गेले. निदानाला रक्तातला एखादा भरवशाचा खूणरेणू, म्हणजे बायोमार्कर, मिळावा म्हणून एवढी धडपड का चालली आहे, ते यातून कळतं.

आता रिपोर्टातले आकडे

सीआरपीपासून सुरू करू, मामांची भानगडही तिथलीच. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला तो चिकटायचा, म्हणून नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूमोनियात सापडला खरा, पण बनतो यकृतात, आणि मुख्यतः आयएल-सिक्सच्या सांगण्यावरून.

गावातून तालुक्याला तार जावी तसं हे आहे. तालुक्याच्या कचेरीत एवढंच कळतं की खाली काहीतरी घडलंय. कुठल्या वाडीत, कुणाच्या घरात, ते तारेत नसतं. दाढेतला पू, गुडघ्यातला संधिवात, स्वादुपिंड, फुफ्फुस, सगळ्यांची तार एकाच कचेरीत जाते आणि कचेरी एकच कागद काढते. शिवाय कागद निघायला वेळ लागतो. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी सीआरपी चढू लागतो, शिखर गाठायला दोनेक दिवस लागतात, आणि उत्पादन थांबल्यावर रक्तातला साठा निम्मा व्हायला एकोणीस तासांच्या आसपास. म्हणजे आज सकाळच्या रिपोर्टात परवाची बातमी मिसळलेली असते.

आणखी एक गंमत. २००९ मध्ये अमेरिकेत एआरडीएसच्या १७७ रुग्णांचा सुरुवातीचा सीआरपी मोजला गेला. अपेक्षा अशी की जितका जास्त तितकं वाईट. निघालं उलटंच: जास्त सीआरपी असलेल्यांत मृत्यू कमी होते. का, यावर एकमत नाही. सीआरपी न्यूट्रोफिलना थोडा आवर घालत असेल, असं एक मत आहे. यकृत तार वाचून उत्तर देण्याइतकं शाबूत आहे, हीच चांगली खूण असेल, असं मला आपलं वाटतं. एका अभ्यासावर इमला बांधू नये हे मान्य, पण 'सीआरपी वाढला म्हणजे फुफ्फुस बिघडलं' हे समीकरण मोडायला तो पुरेसा आहे.

आयएल-सिक्स त्यामानाने उगमाच्या जवळचा. त्याचं जनुक १९८६ मध्ये जपानात, किशिमोतो यांच्या गटाने वेगळं केलं. एआरडीएसमध्ये जास्त आयएल-सिक्स आणि जास्त आयएल-एट असलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण हाही फुफ्फुसाचा खास नाही. मॅक्रोफेज, रक्तवाहिन्यांचं अस्तर, अगदी व्यायामानंतर स्नायूसुद्धा तो सोडतात.

मग फुफ्फुस स्वतः बोलतं ते कशातून? वर सांगितलेल्या तीन वस्त्यांकडे परत जावं लागतं. चपट्या पेशींच्या अंगावर रेज नावाचं प्रथिन भरपूर असतं. पेशी जखमी झाल्या की त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात. गुबगुबीत पेशी सर्फॅक्टंट प्रोटीन-डी बनवतात, त्याची जागा हवेच्या बाजूला. ते रक्तात सापडलं म्हणजे पडद्याला भोक पडलंय. आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींत छोट्या पुड्या भरून ठेवलेल्या असतात. त्यांत अँजिओपॉइटिन-टू आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर एकत्र असतात. अस्तराला धक्का बसला की पुड्या फुटतात. अँजिओपॉइटिन-टू तर बाहेर आल्यावर अस्तराचे सांधे आणखी सैल करतं. म्हणजे ते बातमीदारही आहे आणि आगीत तेल ओतणारंही.

यातून थोडं शहाणपण मिळतं. न्यूमोनिया किंवा उलटी आत जाणं, अशा थेट माराच्या रुग्णांत सर्फॅक्टंट प्रोटीन-डीसारख्या हवेच्या बाजूच्या खुणा जास्त दिसतात. सेप्सिसमधून, म्हणजे संसर्गाने सगळं शरीर पेटल्यावर, रक्ताच्या वाटेने आलेल्या माराच्या रुग्णांत अँजिओपॉइटिन-टू जास्त. एक्स-रेवर दोघांची फुफ्फुसं सारखीच पांढरी, पण भिंत एकाची आतून खचली आणि दुसऱ्याची बाहेरून. दुर्दैव हे की यातली एकही चाचणी आपल्या रोजच्या लॅबच्या यादीत नाही. आमच्याकडे लोक विचारायचे, "मॅडम, फुफ्फुसाची कुठली टेस्ट असते का हो रक्ताची?" मी म्हणायचे, नाही. खरं उत्तर होतं, आहे, पण संशोधनाच्या फ्रीजरमध्ये.

यंत्राने लावलेली आग

दाहाबद्दलचा सर्वात मोठा धडा कुठल्या औषधाने दिला नाही, व्हेंटिलेटरने दिला.

इटलीच्या लुचानो गॅटिनोनी यांनी १९८० च्या दशकात एआरडीएसच्या फुफ्फुसांचे सीटी स्कॅन पाहिले. सगळं फुफ्फुस सारखं ताठर झालेलं नव्हतंच. बराचसा भाग पाण्याने भरून बाद झालेला, आणि उरलेला चांगला भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा. त्यांनी त्याला 'बेबी लंग' म्हटलं. आपण मात्र व्हेंटिलेटरने मोठ्या माणसाची हवा त्या बाळ-फुफ्फुसात कोंबत होतो. पेशी ताणल्या की त्याही सायटोकाइन सोडतात. जीव वाचवणारं यंत्रच दाह वाढवत होतं.

२००० मध्ये अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. एका गटाला दर श्वासाला शरीराच्या किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला ६. किलो हे काट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले, कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं असं वजन ६६ किलो येतं, मग तो खरा पंच्याण्णव किलोचा का असेना. म्हणजे एका गटात श्वासाला सुमारे आठशे मिलिलिटर, दुसऱ्यात चारशे. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आणि कमी हवेच्या गटात रक्तातलं आयएल-सिक्सही जास्त उतरलं. कुठलंही दाहविरोधी औषध न देता, फक्त हवा निम्मी करून. माझ्या मते आयएल-सिक्स मोजण्याचं इतकं सार्थक त्यानंतर क्वचितच झालं असेल.

कोविडमध्ये रुग्णांना पालथं झोपवायचे, ते आठवत असेल. त्यामागेही ताण सगळीकडे सारखा वाटण्याचाच विचार आहे. २०१३ च्या फ्रेंच डॉक्टरांच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना दिवसाला किमान सोळा तास पालथं ठेवल्यावर अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले.

वादळ म्हणे

'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द २०२० मध्ये टीव्हीवर इतका वाजला की मला त्याची चीड आली. कोविडच्या गंभीर रुग्णांत आयएल-सिक्स वाढतं हे खरं, पण सेप्सिस किंवा इतर कारणांनी आलेल्या एआरडीएसच्या मानाने ते सरासरीने कित्येक पट कमी भरतं. ज्याला वादळ म्हणत होते त्यापेक्षा मोठी वादळं आयसीयूत रोज येत होती, नाव न घेता.

तरी दाह दाबण्याचा फायदा झाला, औषध कुणाला आणि कधी हे बघून दिलं तेव्हा. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा नाही, कल झालाच तर नुकसानीकडे. म्हणजे स्टेरॉइड कुणाला द्यायचं हे सीआरपीने ठरलं नाही, ऑक्सिजनने ठरलं. आपल्याकडे ताप आला, सीआरपी थोडा वाढला की पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात असे सीटी आणि रक्तचाचण्या करत सुटू नका, असं जाहीरपणे सांगितलं, पण तोवर बऱ्याच घरांत गोळ्या पोटात गेल्या होत्या.

टॉसिलिझुमॅबचा तर वेगळाच घोळ. हे इंजेक्शन आयएल-सिक्सला थेट पकडत नाही, तो पेशीवर जिथे बसतो ती खुर्ची, म्हणजे रिसेप्टर, अडवतं. खुर्ची अडल्यावर आयएल-सिक्स रक्तात तसाच फिरत राहतो, म्हणून इंजेक्शननंतर त्याचा आकडा वाढतो. आणि यकृताला निरोप पोचत नाही, म्हणून सीआरपी धाडकन खाली येतो, आत जंतुसंसर्ग चालू असला तरी. एकाच दिवशी एक आकडा दुप्पट आणि दुसरा जमिनीवर. त्या काळात मला आलेल्या फोनांत हा प्रश्न हमखास असायचा, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच: इंजेक्शननंतर या दोघांकडे बघू नका.

एकच नाव, दोन आजार

मग या खूणरेणूंचा खरा उपयोग काय? माझ्या समजुतीप्रमाणे, 'हा माणूस वाचेल का' हे सांगणं हा नव्हे. त्यासाठी ते फार ढोबळ आहेत. 'हा माणूस कुठल्या गटातला' हे सांगण्यासाठी ते हळूहळू उपयोगी पडू लागलेत.

२०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांतले जपलेले रक्तनमुने आणि नोंदी संगणकाला दिल्या. कुठलाही गट आधी ठरवला नव्हता. दोन घोळके आपोआप वेगळे पडले. साधारण तीस टक्के रुग्णांत आयएल-सिक्स, आयएल-एट आणि टीएनएफचा रिसेप्टर जास्त, रक्तातलं बायकार्बोनेट आणि प्रोटीन-सी (हे सीआरपी नव्हे, रक्त गोठण्याला आवर घालणारं प्रथिन) कमी, रक्तदाब टिकवायला औषधं लागलेली. बाकी सत्तर टक्के तुलनेने थंड. पहिल्या गटात मृत्यू दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आणि व्हेंटिलेटरवर श्वासाच्या शेवटी किती दाब ठेवायचा, या एकाच उपचाराचा दोन गटांवर उलटसुलट परिणाम दिसला. एकत्र मोजलं की एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडून निकाल शून्य.

एआरडीएसमध्ये एकामागून एक दाहविरोधी औषधं नापास का झाली, याचं एक उत्तर इथे असू शकतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ५४० रुग्णांवर सिमव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचं नेहमीचं औषध, वापरून पाहिलं होतं. २०१४ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. २०१८ मध्ये त्याच रुग्णांना या दोन गटांत विभागून पुन्हा पाहिलं, तर तापलेल्या गटात औषध घेतलेले जास्त वाचले होते. मागे वळून केलेली ही विभागणी, त्यामुळे तिला पुरावा म्हणण्याआधी समोरून चाचणी करावी लागते: आधी गट ओळखायचा, मग औषध. त्यासाठी आयएल-सिक्ससारखे दोन-तीन रेणू खाटेशेजारी तासाभरात मोजून मिळायला हवेत. आठवड्याने आलेला रिपोर्ट या आजारात उपयोगाचा नाही. तशी यंत्रं आणि तशा चाचण्या आता सुरू झाल्या आहेत.

मामांची फाइल अजून माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा मी सगळे सीआरपी एकाच एककात आणून तारखेप्रमाणे कागदावर मांडले आणि शेजारी त्या-त्या दिवशीचा ऑक्सिजन किती लिटर होता ते लिहिलं. ऑक्सिजन पुढे चाललाय आणि सीआरपी दोन-तीन दिवस मागून येतोय, एवढं शाळकरी पोरालाही दिसेल. मामेभाऊ चष्मा वर करून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "म्हणजे ११ कधी झालाच नव्हता?"

झाला होता की. मे महिन्यात, घरी आल्यावर बाराव्या दिवशी. तो रिपोर्ट ग्रुपवर कुणी टाकलाच नव्हता.